मोठ्या टेक कंपनीतली नोकरी: आत गेल्यावर काम नेमकं कसं असतं?

उंबरठा

मोठ्या टेक कंपनीत शिरावं कसं, यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मुलाखतीची तयारी, कोडिंगचा सराव, पगाराची बोलणी, सगळं. आत गेल्यावर माणूस दिवसभर करतो काय, त्याच्या पदरात काय पडतं आणि हातून काय सुटतं, हे मात्र फारसं वाचायला मिळत नाही. अशा दोन कंपन्यांमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून लिहितो. कंपन्यांची नावं सांगणार नाही. इतर अनुभवी मंडळींनी भर घालावी, पटत नसेल तिथे स्पष्ट सांगावं.

आधी आकाराबद्दल. बाहेरून कंपनीचा आकार म्हणजे वापरकर्ते किती, एवढंच कळतं. आत तो कोडमध्ये दिसतो. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली एका निबंधात आपल्या एकत्रित कोडसाठ्याची माहिती दिली होती. जानेवारी २०१५मध्ये त्यात सुमारे २ अब्ज ओळी होत्या, साठा ८६ टेराबाइटचा होता आणि २५ हजारांहून जास्त इंजिनिअर त्या एकाच साठ्यात काम करत होते. एवढ्या पसाऱ्यापुढे बाजारात मिळणारी साधनं टिकत नाहीत. त्यामुळे कोड ठेवण्यापासून तो सर्व्हरवर चढवण्यापर्यंतची बहुतेक साधनं कंपनीने स्वतःच घडवलेली असतात. सुरुवातीचे महिने ती शिकण्यातच जातात. त्यांचा दर्जा खरोखर उंच असतो, शिकताना आनंद होतो. पण नोकरी सोडली की ती तिथेच राहतात, आणि बाहेर पडल्यावर साधी बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करण्याची व्यवस्था) स्वतः उभी करताना अनेकांचं घोडं अडतं. म्हणून कंपनीबाहेरही उपयोगी पडेल असं काहीतरी सतत शिकत राहावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, कोड लिहिण्यात दिवसाचा छोटा हिस्सा जातो. समजा, एका पानावर ‘शेवटचं केव्हा उघडलं’ ही तारीख दाखवायची आहे. कोड एका दुपारचा. पण ही तारीख साठवायची कुठे, किती काळ, आणि वापरकर्त्याने खातं बंद केलं की ती पुसली जाते का, हे खासगीपणा बघणारी टीम विचारते. तारीख ज्या सेवेतून येते ती दुसऱ्या टीमची असते, तिच्यावर भार किती वाढेल याचा हिशेब त्यांना हवा असतो. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांमध्ये ती ओळ कशी दिसेल? दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ती कशी वाचेल? काही बिघडलं तर बदल मागे कसा घ्यायचा? यातला एकही प्रश्न फालतू नाही. कोट्यवधी लोक वापरतात त्या वस्तूला हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. मात्र त्यांची उत्तरं मिळवताना आठवडे जातात, आणि स्वतःच्या हाताने झटपट काही उभं करायची सवय असलेला माणूस इथे पहिल्यांदा खचतो.

हे सगळं चालतं लिखाणावर. कोडच्या आधी डिझाइन डॉक, म्हणजे काय आणि कसं बनवायचं याचा आराखडा, लिहायचा, दहा जणांनी त्यावर कॉमेंट करायच्या, पर्याय का नाकारले तेही नोंदवायचं. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं. तिथे मुद्दा सलग गद्यात, जास्तीत जास्त सहा पानांत मांडायचा असतो, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून ती पानं वाचतात. मोठ्या कंपन्यांकडून घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर मी ही लिखाणाची शिस्त घेईन. सलग वाक्यात लिहायला बसलं की आपल्याच विचारातली भोकं दिसायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या कंपन्यांमध्ये काय बनतं आणि काय कुजत पडतं, हे बढतीच्या नियमांवरून ठरतं. प्रत्येकाला एक लेव्हल असते. वरच्या लेव्हलला जायचं तर ‘परिणाम’ दाखवावा लागतो. नवी गोष्ट बाजारात आणली, आकडा वर गेला, हे चटकन दाखवता येतं. जुनी सेवा पाच वर्षं न पडता चालली, हे दाखवता येत नाही, कारण न घडलेल्या घटनेचा आलेख काढायचा कसा? त्यामुळे हुशार माणसं नव्याकडे धावतात. जुनी प्रणाली ‘आता वापरू नका’ असं जाहीर होतं, नवी अजून अर्धवट असते, आणि मधल्या लोकांचे हाल होतात. हे माणसांच्या लबाडीमुळे होत नाही. ज्याचं मोल होतं तेच काम लोक करतात. सांभाळणाऱ्यांचं मोल होत नाही ही या कंपन्यांची सर्वांत मोठी खोट आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यावर तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.

नवा_गडी

छान धागा. मी लवकरच अशा एका कंपनीत रुजू होतोय. एक भीती आहे. एवढ्या मोठ्या यंत्रणेत आपण एखाद्या कोपऱ्यातल्या बटणाचं काम करत राहिलो तर शिकणार काय? आणि टीम निवडायला मिळाली तर ती कशाच्या आधारावर निवडायची?

पेजरवाली

सांभाळणाऱ्यांच्या बाजूने मी लिहिते, कारण तेच माझं काम आहे. साइट रिलायबिलिटी इंजिनिअर, म्हणजे सेवा चालू ठेवणारे.

या कामाला आजचं रूप आलं ते गूगलमध्ये, २००३ साली. बेन ट्रेनर स्लॉस यांच्याकडे सर्व्हर चालवणाऱ्या टीमची जबाबदारी आली आणि त्यांनी ती टीम सॉफ्टवेअर इंजिनिअरांची बनवली. मुख्य नियम असा की हाताने करायच्या कामात, म्हणजे तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या), पेजर (बिघाड होताच वाजणारी सूचना), दुरुस्त्या यांत, निम्म्याहून जास्त वेळ जाता कामा नये. उरलेल्या वेळात तेच काम पुन्हा करावं लागू नये असा कोड लिहायचा. हा नियम पाळणारी टीम आणि न पाळणारी टीम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी दोन्ही पाहिल्या आहेत. नियम न पाळणाऱ्या टीममध्ये माणसं झोपेला मुकतात आणि पहिली संधी मिळताच निघून जातात, मग उरलेल्यांच्या वाट्याला पेजर आणखी वरचेवर येतो.

उंबरठा, न घडलेल्या घटनेचा आलेख काढता येत नाही हे मला पूर्ण पटत नाही. त्यासाठीच ‘एरर बजेट’ असतं. सेवा ९९.९ टक्के वेळ चालली पाहिजे असं ठरवलं, तर ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं ती बंद पडलेली चालते. ९९.९९ ठरवलं तर जेमतेम ४ मिनिटं. ही मिनिटं म्हणजे टीमची शिल्लक. शिल्लक आहे तोवर नवे बदल सोडा, संपली की नवे बदल थांबवून आधी दुरुस्ती करा. हे कागदावर ठरलेलं असलं की ‘थांबा’ म्हणणारी मी एकटी पडत नाही. आकडाच माझ्या बाजूने बोलतो. ज्या कंपनीत वरिष्ठ लोक शिल्लक संपल्यावर खरोखर थांबतात, तिथे सांभाळणाऱ्याला किंमत आहे असं समजा.

दुसरी गोष्ट पोस्टमॉर्टेमची. मोठा बिघाड झाला की काय घडलं, केव्हा कळलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, हे सगळं लिहून काढतात. चांगल्या कंपनीत त्यात कुणाला दोषी धरत नाहीत. हे भलेपणापोटी केलेलं नाही, त्यामागे हिशेब आहे. शिक्षेची भीती असेल तर माणूस खरं सांगणार नाही, आणि खरं कळलं नाही तर तोच बिघाड पुन्हा होईल.

२८ फेब्रुवारी २०१७ला अॅमेझॉनची एस३ ही साठवणसेवा एका मोठ्या विभागात काही तास कोलमडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइटी बंद पडल्या. कंपनीने कारण जाहीर केलं. थोडे सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या आदेशात एक चुकीचा तपशील टाइप झाला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. ज्या उपप्रणाल्या त्यामुळे पुन्हा सुरू कराव्या लागल्या, त्या मोठ्या विभागांमध्ये कित्येक वर्षांत पूर्ण बंद करून सुरू केलेल्याच नव्हत्या, म्हणून वेळ लागला. सेवांची स्थिती दाखवणारं पानसुद्धा एस३वरच अवलंबून होतं, त्यामुळे तेही बदलता येईना. यावर कंपनीने काय केलं? ते साधनच असं बदललं की सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरावीक पातळीच्या खाली काढताच येणार नाहीत. टाइप करणाऱ्या माणसाबद्दल त्या निवेदनात एक कडू शब्द नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. एका माणसाच्या बोटांवर अर्धं इंटरनेट अवलंबून असेल तर खोट रचनेची आहे.

कोपऱ्यातला_टेबल

+१ पेजरवाली. ४ ऑक्टोबर २०२१चा फेसबुकचा बिघाडही असाच. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने डेटा सेंटरांना जोडणारं त्यांचं जाळंच तुटलं, आणि आदेश तपासणाऱ्या साधनातल्या दोषामुळे तो अडवला गेला नाही. सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळं बंद. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर होती. डेटा सेंटरमध्ये माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली.

मधली_फळी

मी इंजिनिअरिंग मॅनेजर आहे. बढतीच्या प्रश्नावर आतल्या बाजूचं सांगतो, कारण ही प्रक्रिया झाकलेली असल्यामुळे तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

वर्षातून एकदा किंवा दोनदा कॅलिब्रेशन होतं. आसपासच्या टीमचे मॅनेजर एकत्र बसतात आणि प्रत्येकाच्या माणसांची शेरे-श्रेणी एकमेकांसमोर ताडून पाहतात. हेतू चांगला आहे. एका मॅनेजरचा ‘उत्तम’ आणि दुसऱ्याचा ‘उत्तम’ एकाच मापाचे असावेत. पण खोलीत बसलेल्या बहुतेकांनी तुमच्यासोबत एक दिवसही काम केलेलं नसतं. त्यांच्यासमोर असतात मॅनेजरने लिहिलेल्या काही ओळी, आणि तुमच्या नावावर चर्चेला मिळणारी थोडकी मिनिटं. त्या ओळींमध्ये जे नाही ते त्या खोलीत अस्तित्वातच नसतं. ‘माझं काम बोलेल’ असं म्हणणाऱ्या अनेक गुणी माणसांना मी त्या खोलीत मागे राहिलेलं पाहिलंय आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास झालाय.

मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी सक्तीची क्रमवारी होती. टीम कितीही चांगली असो, ठरावीक हिस्सा खालच्या रकान्यात घालायचाच. नोव्हेंबर २०१३मध्ये त्यांनी ती बंद केली. तिचं नुकसान असं की चांगली माणसं एकमेकांच्या टीममध्ये जायला कचरतात आणि शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःची श्रेणी घालवणं ठरतं. आज उघडपणे अशी सक्ती नसली तरी ‘साधारण एवढे टक्के’ अशी अपेक्षा वरून येते, आणि ती अपेक्षा मॅनेजरचे हात बांधते.

उंबरठा यांना मला एवढंच सांगायचंय की सांभाळण्याच्या कामावर बढती मिळू शकते. मी ती मिळवून दिलेली आहे. पण त्यासाठी काम सुरू करण्याच्या आधीची स्थिती मोजून ठेवावी लागते. आठवड्यात पेजर किती वेळा वाजायचा, बदल सर्व्हरवर चढायला किती तास लागायचे, नवीन माणूस किती आठवड्यांनी पहिला बदल करू शकायचा. काम झाल्यावर हे आकडे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. आणि दर आठवड्याला पाच ओळींची नोंद ठेवा. काय केलं, कुणाला उपयोग झाला. सहा महिन्यांनी मलाही आठवत नाही आणि तुम्हालाही आठवत नाही.

उंबरठा

मधली_फळी, आधीची स्थिती मोजून ठेवण्याचा मुद्दा मनापासून मान्य. पण यात एक खटकणारी बाजू उरतेच. मोजता येणारंच काम पुढे जातं. नवख्याला शांतपणे समजावणारा, भांडणारे दोन गट एका टेबलावर आणणारा, कागदपत्रं वेळच्या वेळी दुरुस्त करणारा, यांचे आकडे कुठून आणायचे? माझ्या पाहण्यात तरी टीम अशाच माणसांमुळे उभी असते.

पेजरवाली

अशा माणसांच्या जाण्याची किंमत कळते ती कपातीनंतर. नोव्हेंबर २०२२मध्ये मेटाने (फेसबुकची मालक कंपनी) ११ हजार माणसं कमी केली. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने १० हजार, गूगलने १२ हजार आणि अॅमेझॉनने १८ हजारांहून जास्त कपात जाहीर केली. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथेही कपात झाली. सकाळी काही जणांचं लॉगिन चाललं नाही, त्यावरून कळलं कोण गेलं. निरोप घ्यायलाही वेळ नाही. पुढे कित्येक आठवडे असं व्हायचं की एखादी सूचना वाजायची, तिच्या कागदावर मालक म्हणून एक नाव असायचं, आणि तो माणूस आता नाही. ती सूचना का लावली होती हे फक्त त्यालाच माहीत होतं.

ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता त्यांच्यावर तर देश सोडण्याची वेळ आली. मोठी कंपनी म्हणजे स्थैर्य, हा हिशेब आता कुणी धरू नये. पगाराचा मोठा भाग शेअरमध्ये असतो आणि ते साधारण चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येतात. मधेच काढलं तर उरलेले बुडतात. घरखर्च नेहमी हातात पडणाऱ्या पगारावरच आखावा.

कंत्राटदार_नव्हे_माणूस

इतका वेळ वाचत होतो. सगळी चर्चा कायम नोकरीवाल्यांची चाललीय. त्याच इमारतीत, त्याच टेबलांवर, दुसऱ्या रंगाचं ओळखपत्र गळ्यात घालून बसणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

आम्ही टेस्टिंग करतो, आशय तपासतो, सर्व्हर बसवतो, कागदपत्रं लिहितो, कोडही लिहितो. आमचा पगार पुरवठादार कंपनी देते. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ साली दिलेल्या बातमीनुसार त्या मार्चमध्ये गूगलकडे सुमारे १ लाख २१ हजार हंगामी आणि कंत्राटी माणसं होती, आणि कायम कर्मचारी होते १ लाख २ हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक ‘बाहेरचे’. तेव्हा अशा कंपनीत काम करणं कसं असतं, असं विचाराल तर उत्तरातला अर्धा भाग आमचा आहे.

रोजचा अनुभव सांगतो. ज्या वस्तूवर वर्षभर काम केलं तिच्या यशाच्या बैठकीचं आमंत्रण येत नाही. अंतर्गत कागदपत्रांपैकी काही उघडतात, काही उघडत नाहीत, आणि काम अडलं तरी परवानगी कुणी द्यायची हे कुणालाच माहीत नसतं. करार संपायला काही दिवस उरले तरी पुढचा होणार की नाही ते सांगत नाहीत. सोबतचे इंजिनिअर वाईट नसतात, बरेचसे मायाळू असतात. पण कायदेशीर सल्ला असा असतो की कंत्राटी माणसाला कर्मचाऱ्यासारखं वागवू नका, कारण उद्या तो कर्मचाऱ्याचे हक्क मागेल. त्यामुळे माणुसकीने वागू पाहणाऱ्यालाही चार हात लांब राहावं लागतं. ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

नवा_गडी, तुम्ही आत जाताय. पहिल्या दिवशी शेजारच्याच्या ओळखपत्राचा रंग बघू नका, एवढी विनंती.

कोपऱ्यातला_टेबल

थोडं मूळ मुद्द्याकडे. दोन टीम एकच गोष्ट वेगवेगळी बनवतात याचं कारण फक्त बढती नाही. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली एका लेखात मांडलं होतं की संघटना जी प्रणाली रचते तिची रचना त्या संघटनेतल्या संवादाच्या रचनेसारखीच निघते. दोन विभागांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या सेवाही एकमेकींशी नीट बोलत नाहीत. एखाद्या अॅपमध्ये एकच सेटिंग दोन ठिकाणी दोन नावांनी सापडलं, तर आत दोन वेगळे विभाग आहेत असं खुशाल समजावं. विभागांची फेररचना झाली की कोडही फिरवावा लागतो, आणि फेररचना तर सतत चालूच असतात. माझ्या मते वाया जाणाऱ्या श्रमाचं हे बढतीपेक्षाही मोठं कारण आहे.

उंबरठा

नवा_गडी, तुमचा प्रश्न राहून गेला होता.

कोपऱ्यातल्या बटणाची भीती बाळगू नका. ते बटण कोट्यवधी लोक दाबतात तेव्हा त्याच्या मागे काय काय उभं करावं लागतं हे दुसरीकडे शिकायला मिळत नाही. धोका वेगळा आहे. तेच बटण तिसऱ्या वर्षीही करत असाल तर टीम बदला. कंपनीच्या आत टीम बदलणं बाहेरच्या नोकरीपेक्षा पुष्कळ सोपं असतं आणि फार थोडे लोक त्याचा फायदा घेतात.

टीम निवडताना कंपनीचं नाव बाजूला ठेवा. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, दोन टीमचं आयुष्य पूर्ण वेगळं असू शकतं. मॅनेजरला विचारा की गेल्या वर्षात टीममधून कोण गेलं आणि का. टीममधल्या एखाद्या कनिष्ठ इंजिनिअरशी मॅनेजर नसताना बोला. त्याला विचारा, शेवटचा मोठा बिघाड झाला तेव्हा पुढे काय झालं. उत्तरात माणसाचं नाव आधी आलं की दुरुस्तीचं, हे लक्ष देऊन ऐका. टीमचे दोन-चार जुने डिझाइन डॉक वाचायला मागा. त्यावरच्या कॉमेंट वाचून तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते कळतं. ऑन-कॉलची, म्हणजे पेजर वाजला की धावून जाण्याची, पाळी किती आठवड्यांनी येते आणि रात्री सरासरी किती वेळा उठावं लागतं, हे थेट विचारा. आकडा सांगता आला नाही तर त्यांनी मोजलेलाच नाही.

कंत्राटदार_नव्हे_माणूस, तुम्ही लिहिलंत ते मूळ धाग्यात यायलाच हवं होतं. आभार.

मधली_फळी

कंत्राटदार_नव्हे_माणूस, कायद्याची भिंत माझ्याने पाडवत नाही, पण तिच्या अलीकडे जे करता येतं ते लिहितो, म्हणजे इतर मॅनेजरही वाचतील. आमच्या टीममध्ये डिझाइन डॉकच्या लेखकांत ज्याने लिहिलं त्याचं नाव असतं, ओळखपत्र कुठल्याही रंगाचं असो. पोस्टमॉर्टेमच्या बैठकीला बिघाडाशी संबंधित प्रत्येक जण येतो. करार वाढणार नसेल तर मला कळल्या दिवशी मी पुरवठादाराकडे आग्रह धरतो की त्या माणसाला लगेच सांगा. आणि कायम जागा निघाली तर मुलाखतीला त्याचं नाव मी स्वतः पुढे करतो. निवड होतेच असं नाही.

कंत्राटदार_नव्हे_माणूस

लेखकांत नाव, हे लहान वाटतं पण तसं नाही. पुढच्या मुलाखतीत ‘हे तुम्ही केलं कशावरून’ असं विचारतात तेव्हा आमच्याकडे दाखवायला काही नसतं, कारण करार संपला की सगळं आतच राहतं. निदान सोबत काम केलेले इंजिनिअर ते नाव पाहून दुजोरा देऊ शकतात. तुमच्यासारखे आणखी कुणी मॅनेजर वाचत असतील तर करार संपण्याआधी त्या माणसाला विचारा, ‘तुझ्यासाठी कुणाशी बोलू?’ मला एका मॅनेजरने विचारलं होतं आणि त्या एका फोनवर पुढचं काम मिळालं.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. उंबरठा यांचे प्रश्न टिपून घेतले आहेत. टीम ठरवण्याआधी दोन मॅनेजरांशी बोलणं व्हायचंय, ऑन-कॉलचा आकडा दोघांनाही विचारतो आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहितो.